इसब दाबला म्हणून दमा झाला, असं नसतं

बाळाच्या गालावर लाल चट्टे उठले, पाय खरखरीत झाले, रात्री खाजवून खाजवून चादरीला रक्ताचे ठिपके लागायला लागले, की आपल्याकडे घरात एक वाक्य ठरलेलं असतं. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे, मलमं लावून दाबू नका, आत गेली तर दमा होईल." आजी म्हणते, मालिशवाल्या मावशी म्हणतात, शेजारच्या काकू स्वतःच्या भाच्याचं उदाहरण देतात, आणि दवाखाना टाकून बसलेली काही मंडळीसुद्धा हेच सांगतात हे जास्त वाईट. मग ते पोर सहा-सहा महिने, कधी वर्ष-दोन वर्षं खाजवत बसतं, आईला झोप नाही, बाळाला झोप नाही, आणि सगळे म्हणतात की निघतंय ना बाहेर, चांगलंय.

मला या वाक्याबद्दलच लिहायचंय, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं टिकलंय. साफ खोटं असतं तर कधीच मागे पडलं असतं.

खरं काय आहे तर क्रम. आधी कातडी, मग पोट, मग छाती आणि नाक, असा क्रम खूप मुलांमध्ये दिसतो. पहिल्या वर्षात इसब म्हणजे एक्झिमा, त्याच सुमाराला कुणाला अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी, मग तीन-चार वर्षांचं होईपर्यंत सर्दी झाली की छातीत घरघर, आणि शाळेत जायला लागल्यावर सकाळी उठल्याउठल्या लागोपाठ शिंका, नाक चोळणं, डोळे लाल. डॉक्टर लोक याला एटोपिक मार्च म्हणतात. इसब असलेल्या मुलांपैकी साधारण तीनातल्या एकाला पुढे दमा होतो असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलंय. म्हणजे तीनातल्या दोघांना होत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायला पाहिजे, कारण इसबाचं निदान झालं की काही आईबाप दुसऱ्या दिवसापासून दम्याची वाट बघत बसतात. ज्यांचा इसब लवकर सुरू झाला, जास्त तीव्र आहे आणि ज्यांच्या घरात आईबापांना दमा किंवा ॲलर्जी आहे, त्यांना धोका जास्त.

तर क्रम खरा. पण त्याचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते उलटं आहे.

"दाबलं म्हणून आत गेलं" ही कल्पना आपल्याकडे बऱ्याच वाटांनी आलीय. होमिओपॅथीत हेरिंगचा नियम म्हणून जो सांगतात त्यात हेच आहे, की रोग बरा होताना आतून बाहेर येतो, आणि वरचा त्रास दाबला तर तो आत शिरतो. एकोणिसाव्या शतकातली कल्पना आहे ही, तेव्हा इम्युनिटी म्हणजे नेमकं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. घरातल्या उष्णता-थंडीच्या हिशोबात ती बरोबर बसली. आणि लोकांना ती डोळ्यांनी दिसतेही, हे मान्य करायला हवं. काकूंच्या भाच्याला खरंच खूप इसब होता, खरंच मलमं लावली आणि खरंच दमा झाला. पण जरा विचार करा, मलम जास्त कुणाला लावलं जातं? ज्याला इसब जास्त आहे त्याला. आणि दमा जास्त कुणाला होतो? ज्याला इसब जास्त आहे त्यालाच. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्यात, त्यातली एक दुसरीमुळे झाली असं नाही. ज्यांनी काहीच लावलं नाही त्यांच्याही पोरांना दमा होतो, फक्त तेव्हा कुणी म्हणत नाही की लावलं नाही म्हणून झाला.

मूळ कुठे आहे त्याची एक मोठी खूण २००६ मध्ये सापडली. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाचं कातडीतलं एक प्रोटीन काही लोकांमध्ये जन्मतःच कमी बनतं आणि त्यांना इसब होण्याची शक्यता खूप वाढते. हे प्रोटीन कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते कमी पडलं की कातडी कोरडी पडते, बारीक बारीक भेगा पडतात, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं आत शिरतं, कुडाची भिंत सारवायची राहिली की फटींतून वारा, धूळ, मुंग्या सगळंच घरात येतं तसं. सगळ्याच इसबवाल्या मुलांमध्ये हा जीनचा दोष नसतो, पण कातडीचा तो थर कच्चा असणं हे जवळजवळ सगळ्यांमध्ये असतं. म्हणजे इसब ही आतली घाण बाहेर टाकायची व्यवस्था नाहीये. उलट बाहेरच्या गोष्टी जिथून आत जातात ते दार आहे.

मग आत जातं म्हणजे काय होतं? लंडनचे लहान मुलांचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी २००८ मध्ये एक मांडणी केली, ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळाच्या शरीराची एखाद्या अन्नाशी पहिली ओळख तोंडावाटे, पोटातून झाली तर शरीर ते अन्न म्हणून स्वीकारायला शिकतं. पण तीच पहिली ओळख फाटलेल्या, सुजलेल्या कातडीतून झाली तर शरीर त्याला शत्रू समजतं आणि ॲलर्जीची तयारी करून ठेवतं. आधी ही नुसती थिअरी होती. पण जपानमध्ये अगदी दुर्दैवाने तिचा पुरावा मिळाला. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रोटीन घातलेलं होतं, रोज तो साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गहू खाल्ल्यावर ॲलर्जी यायला लागली, काहींना तर अंगावर गांधी उठून, श्वास अडकून जिवावर बेतलं. ही मोठी माणसं होती, आयुष्यभर गहू खात आलेली. कातडीतून गेला आणि शरीराने पवित्रा बदलला.

आता आपल्याकडची बाळाची अंघोळ डोळ्यांसमोर आणा. पाटावर पाय पसरून बसलेल्या मावशी, पायांवर पालथं बाळ, आणि अंगाला डाळीचं पीठ, दुधाची साय, हळद, कुठे मसूर डाळ भिजवून वाटलेली, कुठे बदाम उगाळून. लव जावी, रंग उजळावा म्हणून खसाखसा चोळायचं. ज्या बाळाची कातडी धडधाकट आहे त्याचं यात काही बिघडेल असं मी म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच न्हायलीत. पण ज्या बाळाच्या गालावर, पोटऱ्यांवर इसबाची ओली चरत चाललेली जखम आहे, त्याच्या त्या उघड्या कातडीवर हरभरा, दूध, बदाम चोळणं म्हणजे लॅक यांनी जे सांगितलं तेच आपण हाताने करतोय. आणि शिवाय चोळण्याने कातडी आणखी सोलवटते ते वेगळंच. अशा बाळाला पीठ-साय बंद, कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण किंवा क्लीन्झर, पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटपायची, टॉवेलने टिपायचं, आणि अंग जरा ओलं असतानाच मॉइश्चरायझर थापायचं. थापायचं म्हणजे खरंच थापायचं, बोटभर घेऊन पूर्ण अंगाला पुरवायचं नाही. लहान मुलाला आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. महागडंच पाहिजे असंही नाही, साधी पेट्रोलियम जेली चालते. खोबरेल तेलाबद्दल फिलिपिन्समधली २०१४ ची एक ट्रायल आहे, त्यात इसब असलेल्या मुलांना शुद्ध खोबरेल तेलाचा मिनरल ऑइलपेक्षा जास्त फायदा झाला, त्यामुळे कोकणातल्या आज्या इथे बरोबर निघाल्या. ऑलिव्ह ऑइल मात्र हल्ली शहरात फॅशन म्हणून बाळाला लावतात, ते कातडीचा थर आणखी कमकुवत करतं असं दिसलंय, ते नको.

खाण्याचंही तसंच उलटं झालंय. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की ज्या मुलांना ॲलर्जीचा धोका आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. सगळ्यांनी ऐकलं, ॲलर्जी काही कमी झाली नाही, २००८ मध्ये तो सल्ला मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी लॅक यांच्या टीमने इस्राएल आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना केली, वंश एकच, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. फरक काय, तर इस्राएलमधली बाळं सात-आठ महिन्यांपासून शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. मग त्यांनी ६४० बाळं घेतली, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, अर्ध्यांना शेंगदाणा नियमित खायला दिला आणि अर्ध्यांना पूर्ण बंद ठेवला. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांची झाल्यावर, बंद ठेवलेल्यांमध्ये १७ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांमध्ये ३ टक्के. सगळ्या जगाचा सल्ला यामुळे फिरला.

आणि आपल्याकडे काय चाललंय, तर इसब दिसला की पहिली कुऱ्हाड खाण्यावर. अंडं बंद, मासे बंद, शेंगदाणा बंद, वांगं बंद, दही-केळं-चिंच बंद, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आईचंही सगळं बंद. बाळंतीण बाई, जिला खायची सगळ्यात जास्त गरज आहे, ती वरण-भात आणि दुधी खाऊन दिवस काढते, आणि एवढं करून चट्टे गेले नाहीत की सासरचे विचारतात, तू दिवसांत असताना काय खाल्लंस? याचा मला मनापासून राग येतो. इसब आईच्या खाण्यातून आलेला नसतो. ज्या बाळाला एखादी गोष्ट खाल्ल्यावर तासाभरात गांधी उठतात, उलट्या होतात, ओठ सुजतात त्याची गोष्ट वेगळी, तिथे तो पदार्थ थांबवून डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि तीव्र इसब असेल तर शेंगदाणा-अंडं पहिल्यांदा देण्याआधीसुद्धा विचारून घ्यावं. पण सरसकट यादी बंद करणं हे नुसतं निरुपयोगी नाही, त्याने ॲलर्जीचा धोका वाढू शकतो. सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्याबरोबर शेंगदाण्याचं बारीक कूट पेजेत कालवून द्यायला काही हरकत नसते (अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो).

यातच तो मोठा रक्ततपासणीचा धंदा घुसलाय. एका बाटली रक्तात दोनशे गोष्टींची ॲलर्जी सांगतो म्हणून हजारो रुपये घेतात, रिपोर्टमध्ये तांदूळ, तूर डाळ, गहू, बटाटा सगळ्यांपुढे लाल रेघ, आणि पालक हवालदिल. रक्तात अँटिबॉडी सापडणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांवर एक अभ्यास झाला, त्यात पाच-सहा मुलांमागे एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध अँटिबॉडी होत्या, पण खाण्याची खरी ॲलर्जी निघाली ०.१४ टक्के, म्हणजे हजारात एक-दोन. त्या लाल रेघांवर विश्वास ठेवून किती मुलांचं जेवण कापलं जात असेल याचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि ही मुलं आधीच खाजेमुळे झोपत नाहीत, वजन धरत नाहीत.

आता मलमाचं. स्टेरॉइडच्या भीतीचं मूळ अगदीच खोटं नाही, कारण आपल्या देशात स्टेरॉइड क्रीमचा जो कचरा झालाय तो दुसरीकडे क्वचितच असेल. मेडिकलवाल्याकडे जायचं, "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं, तो स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब देतो, गजकर्णावर, खरजेवर, इसबावर, मुरमांवर, गोरं व्हायला, सगळ्याला तीच. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की ते वरून शांत आणि कडेने पसरत जातं, खरजेत किडा तसाच राहतो. चेहरे लाल होऊन जळलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांनी इतक्या पाहिल्या की त्यांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर. गल्लीतल्या दुकानात जाऊन बघा काय मिळतं ते.

म्हणजे एकाच समाजात दोन टोकं आहेत. ज्याला नको त्याने महिनोन्‌महिने तोंडाला फासायचं, आणि ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याच्या आईने डॉक्टरने दिलेली सौम्य ट्यूब घाबरून वाटाण्याएवढी लावून ठेवून द्यायची. कमी लावलं की आग पूर्ण विझत नाही, चार दिवसांत परत उठते, मग म्हणायचं बघा, औषध सोडलं की परत येतं. किती लावायचं याचं साधं माप आहे, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक पट्टी काढायची, ती अर्धा ग्रॅम असते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्याला सौम्य, अंगाला जरा जोरकस, डॉक्टरने सांगितलेले दिवस, आणि वरून रोज मॉइश्चरायझर. हे चिठ्ठी देताना कुणी दोन मिनिटं काढून दाखवलं तर निम्मी भीती जाईल. पण ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर मीही काकूंसारखंच बोलतोय असं होईल. इसबावर वेळेत उपचार केले की दमा टळतोच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. जन्मल्यापासून सगळ्या बाळांना रोज मॉइश्चरायझर लावून इसबच टाळता येईल का, हे ब्रिटनमध्ये आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये मोठ्या ट्रायल करून पाहिलं, २०२० मध्ये दोन्हींचे निकाल आले, नाही टळला. जपानमध्ये मात्र ६५० बाळांवर वेगळा प्रयोग झाला, इसब आधीच झालेल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळांना एका गटात नेहमीसारखे आणि दुसऱ्या गटात स्टेरॉइड मलमाने जोरदार, पूर्ण अंगाला उपचार दिले. अंड्याची ॲलर्जी ४२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आली. पण त्या जोरदार गटातल्या बाळांचं वजन आणि उंची थोडी कमी भरली, त्यामुळे तेवढं औषध सगळ्यांना ओता असं ते संशोधकही म्हणत नाहीत. एवढं मात्र त्यातून स्वच्छ दिसलं की कातडी शांत केली म्हणून ॲलर्जी वाढली नाही, कमी झाली. "दाबलं की आत जातं" हे खरं असतं तर बरोबर उलटा निकाल यायला हवा होता. आणि दम्याचं सगळं बाजूला ठेवलं तरी, जे पोर रात्री तीन-तीनदा उठून स्वतःला ओरबाडतंय त्याला आज आराम देणं हे पुरेसं कारण नाही का?

छातीकडे आलं की तीच भीती नव्या कपड्यात येते. "पंप लावू नका, सवय लागते." जगातल्या दम्याच्या पेशंटपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला परत वाचावे लागले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या एका पाहणीत, ज्यांच्या छातीत घरघर होते त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं कुणी सांगितलेलंच नव्हतं. मुलांच्या बाबतीत तर "बालदमा आहे, मोठा झाला की जाईल", "ॲलर्जिक खोकला आहे", "छाती भरते त्याची", अशी नावं फिरत राहतात, आणि दर महिन्याला नवीन बाटली येते.

त्या बाटलीचा हिशोब एकदा मांडाच. पंपाच्या एका दाबात सालब्युटामॉल, म्हणजे आवळलेली श्वासनलिका मोकळी करणारं औषध, असतं १०० मायक्रोग्रॅम, थेट फुप्फुसात. सिरपच्या एका चमच्यात असतं २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट, पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे, म्हणून तर मुलाचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. रोजच्या प्रतिबंधक पंपातलं स्टेरॉइड लहान मुलाला दिवसाला १००-२०० मायक्रोग्रॅम, आणि ते न घेतल्यामुळे दर दोन महिन्यांनी ॲटॅक आला की पोटातून जे स्टेरॉइड द्यावं लागतं ते दहा किलोच्या मुलाला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, शंभरपट. स्टेरॉइडची भीती असेल तर पंप हाच सगळ्यात कमी स्टेरॉइडचा रस्ता आहे. उंचीचा प्रश्न आईबाप विचारतात, विचारायलाच हवा. अमेरिकेत मुलांना मोठं होईपर्यंत बघितलं, काही वर्षं रोज पंप घेतलेल्यांची उंची सरासरी एक-सव्वा सेंटिमीटर कमी भरली. एवढंच आहे ते. दुसऱ्या बाजूला रात्ररात्र बसून श्वास घेणारं मूल आहे.

आणि पंपाबरोबर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं पोकळ नळकांडं, लागतोच, लहान मुलाला त्याशिवाय औषध छातीत न जाता जिभेवर बसतं. स्पेसर परवडत नाही म्हणून कुणी अडू नये. केपटाऊनमध्ये १९९९ मध्येच दाखवून दिलंय की ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या बरोबर मापाचं भोक पाडून, पंप त्यात घट्ट बसवून, दुसऱ्या टोकाने मुलाला श्वास घ्यायला लावला तर विकतच्या स्पेसरइतकंच काम होतं. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चित्र काढून लावायला पाहिजे.

दरवर्षी कोजागिरीला ठिकठिकाणी खिरीतून दम्याचं औषध घ्यायला माणसं रात्रभर रांगेत बसतात, मृगाच्या सुमाराला जिवंत माशातलं औषध गिळायला हैदराबादला जातात. त्यांना मी हसणार नाही. श्वास कोंडतो तेव्हा माणूस कुठेही जातो, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात पंप नसेल तर जाणारच.

घरातला धूर हा तर बोलायचाच राहतो. अंघोळीनंतर बाळाला धुरी द्यायची, निखाऱ्यांवर ओवा, धूप, लसणाची सालं टाकून, दार-खिडकी लावलेल्या खोलीत, कधी पाळण्याखाली. सर्दी होऊ नये म्हणून करतात, मायेनेच करतात. पण ज्या बाळाला इसब आहे, म्हणजे ज्याच्या छातीला पुढे धोका आहे हे आपल्याला आधीच कळलंय, त्याच्या फुप्फुसात आपण रोज धूर भरतोय. आणि रात्री वर मच्छर कॉइल. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे मोजले गेले. घरात कुणी सिगारेट ओढत नाही असं अभिमानाने सांगणाऱ्या घरात कॉइल जळत असतं. मच्छरदाणी लावा, धुरी बंद करा, मालिशवाल्या मावशींना गोड बोलून समजावा, त्या ऐकतात, त्यांना बाळाचं वाईट करायचं नसतंच.

आता सरकारने काय करावं, कारण सगळं आईबापांच्या डोक्यावर टाकून भागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याच्या टीम गाडीने अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये एकदा जाऊन मुलं तपासतात. ज्या ३० आजारांसाठी तपासायचं त्या यादीत त्वचेचे आजारही आहेत आणि श्वासनलिका आवळण्याचा आजारही आहे. दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या रकान्यांत. अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यांमागे इसब दिसला तर त्वचेच्या रकान्यात टिक होते, मलम दिलं जातं, गाडी पुढच्या गावाला. तिला रात्री खोकला येतो का, खेळताना धाप लागते का, घरात कुणाला दमा आहे का, हे तीन प्रश्न त्याच वेळी विचारले तर कितीतरी मुलांचा दमा पहिला मोठा ॲटॅक यायच्या आधी सापडेल. नवीन योजना नको, नवीन मशीन नको. तसंच आशाताई लहान बाळांच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला जातात, बरोबर इसब सुरू होतो त्याच वयात. वजन बघतात, वरचं खाणं सुरू केलं का विचारतात. तिथे कातडीकडे एक नजर, धुरीबद्दल एक वाक्य, आणि अंडं-शेंगदाणा उगाच बंद करू नका हे सांगणं बसू शकतं. आशाताईंवर आधीच किती कामं लादलीत ते मला माहीत आहे, म्हणून हे काम वाढवायचं असेल तर त्याचा मोबदला वाढवूनच वाढवावं, फुकट नको.

आणि औषध तिथे असलं पाहिजे. बुडेसोनाइडचा (रोजच्या प्रतिबंधक स्टेरॉइडचा) आणि सालब्युटामॉलचा पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण यादीत असणं आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या कपाटात असणं यात मोठं अंतर आहे. तिथे सिरप मिळतं. मॉइश्चरायझरला तर अजून औषध मानतच नाहीत, सौंदर्यप्रसाधन समजतात, त्यामुळे ते सरकारी चिठ्ठीवर फार क्वचित येतं. ज्या घराची रोजची कमाई पाचशे रुपये आहे त्या घराला आठवड्याला पाव किलो क्रीम आणा असं सांगून डॉक्टरने हात झटकू नयेत. पेट्रोलियम जेलीचे मोठे डबे दवाखान्यातून फुकट द्यायला काहीच मोठा खर्च नाही, एका मुलाला ॲटॅक येऊन एक रात्र ऑक्सिजनवर ठेवावं लागलं तर त्याचा खर्च यापेक्षा किती होतो ते कुठल्याही अधीक्षकाला विचारा.

शाळांचंही एक आहे. बऱ्याच शाळांत मुलाचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो, "मुलं खेळतील त्याच्याशी" म्हणून. पीटीच्या तासाला धाप लागली की मुलाने बाईंना सांगायचं, बाईंनी शिपायाला, शिपाई चावी शोधणार. पंप दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलावर असला पाहिजे, आणि वर्गशिक्षकांना तो स्पेसर लावून कसा द्यायचा हे एकदा हातात देऊन दाखवलं पाहिजे, दहा मिनिटांचं काम आहे, जूनमध्ये शाळा उघडतानाच्या पालकसभेतच करता येईल. मुलाला खाण्याची ॲलर्जी आणि दमा दोन्ही असतील तर शाळेला ते लेखी कळवा, कारण अशा मुलाला चुकून नको ते खाल्लं गेलं तर नुसत्या ॲलर्जीपेक्षा जास्त वेगाने श्वास अडकतो, आणि ॲड्रेनॅलिनचं, म्हणजे अशा वेळी लगेच टोचायच्या इंजेक्शनचं, तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणजे जवळचा कुठला दवाखाना ते इंजेक्शन देतो हे शाळेला आधीच माहीत असायला हवं.